कोर्स सगळ्यात शेवटी निवडा

एकट्यानं मूल वाढवताना पुन्हा नोकरीकडे वळणाऱ्यांसाठी

एकट्यानं मूल सांभाळणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या वाचकांची पत्रं आली की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : कोणता कॉम्प्युटर कोर्स करू? कुणी विचारतं, एमएस-सीआयटी पुरेसं आहे का. कुणाला शेजारणीनं टॅली सुचवलेलं असतं. कुणी ‘घरबसल्या महिना पन्नास हजार’ अशी जाहिरात पाहून डिजिटल मार्केटिंगच्या क्लासची चौकशी करून आलेलं असतं. फी भरून झाली, सर्टिफिकेटही आलं, आता नोकरी मिळेना, अशीही पत्रं असतात आणि ती थोडीथोडकी नसतात.

म्हणून इथं क्रम उलटा ठेवला आहे. आधी तुमच्या हातात दिवसाचे कोणते तास आहेत ते पाहा. त्या तासांत, जाता-येता येईल एवढ्या अंतरावर कोणतं काम मिळतं ते शोधा. त्या कामाला काय यावं लागतं ते विचारा. कोर्सची पाळी त्यानंतर. दोन पगार असलेल्या घरात एखादा कोर्स वाया गेला तर हळहळ वाटते आणि विषय संपतो. तुमच्या घरात त्या फीबरोबर सहा महिने जातात आणि पुन्हा बाहेर पडायची उमेदही जाते.

पती गेलेल्या, घटस्फोट झालेल्या, नवऱ्यानं सोडलेल्या, अविवाहित राहून मूल वाढवणाऱ्या स्त्रिया आणि बायकोच्या मागे मुलं सांभाळणारे वडील, सगळेच या लेखात धरले आहेत. वडिलांसाठी वेगळं जे सांगायचं ते पुढं येईल.

आधी तासांचा कागद करा

वहीचं एक पान घ्या आणि आठवड्याचे सात दिवस मांडा. मूल शाळेत कधी जातं, कधी परत येतं, शनिवारी शाळा किती वाजता सुटते. मग अवघड रकाने भरा : दिवाळीची सुट्टी, मे महिना आणि मूल तापानं फणफणलेलं असण्याचा दिवस. या तीन वेळी मूल कोणाकडे राहील? एक नाव पुरत नाही, दोन लिहा. आजी असेल तर तिच्या तब्येतीचाही विचार करा.

या पानावरून एक गोष्ट लगेच कळते. तुमचे मोकळे तास सलग आहेत की तुकड्यातुकड्यांत? सलग पाच-सहा तास असतील तर ऑफिसची अर्धवेळ किंवा दिवसपाळीची नोकरी जमेल. सकाळी दोन, दुपारी दोन आणि मूल झोपल्यावर दोन असे तास असतील तर घरून करायची हिशेबाची किंवा टायपिंगची कामं शोधावी लागतील. नोकरी लागल्यावर हा कागद करायला गेलं की पहिल्याच महिन्यात रजा संपतात.

मग बाजारात फिरून या

मोबाइलवरच्या नोकरीच्या याद्या पाहण्याआधी चपला घाला. तुमच्या भागातले कर सल्लागार, सीएंची ऑफिसं, पतसंस्था, मोठे दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, गॅस एजन्सी, दुचाकीचे शोरूम, घाऊक व्यापारी, शाळांची कार्यालयं, एमआयडीसीतले छोटे कारखाने. प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी विचारा : तुमच्याकडे कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाला काय काय करावं लागतं, कोणतं सॉफ्टवेअर वापरता आणि नव्या माणसाला सुरुवातीला काय देता. नोकरी मागायला आलेल्या माणसाला टाळतात, माहिती विचारणाऱ्याला चहा विचारतात. दहा ठिकाणी फिरलात की कोणता कोर्स करायचा हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

कारण उत्तर गावागणिक बदलतं. भिवंडीच्या गोदामांत एक्सेलमध्ये साठ्याची नोंद करणारा, बारकोड स्कॅनर चालवणारा ऑपरेटर हवा असतो. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याला किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला बिलं आणि जीएसटी सांभाळणारं माणूस लागतं. पुण्या-मुंबईत ग्राहकसेवेच्या कॉल सेंटरना मराठी-हिंदी नीट बोलणारी माणसं लागतात. पुण्यातल्या क्लासची जाहिरात वाचून गेवराईत कोर्स करण्यात अर्थ नाही.

कोणतं काम कोणाला जमेल

टॅली आणि जीएसटी. लहान शहरात राहणाऱ्या, बारावीपर्यंत शिकलेल्या आणि आकड्यांना न घाबरणाऱ्या वाचकांना मी पहिला पर्याय हाच सुचवते. कॉमर्स झालेलं असेल तर सोपं जातं, पण नसलं तरी अडत नाही. छोट्यातल्या छोट्या व्यापाऱ्यालाही हिशेब ठेवावाच लागतो, त्यामुळे हे काम तालुक्याच्या गावीही मिळतं आणि कर सल्लागारांकडे अर्धवेळ किंवा घरून नोंदी करण्याची सोय पुष्कळदा होते. मात्र या कामाला स्वतःची लय असते. दर महिन्याचं जीएसटीआर-१ हे विवरण पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत भरायचं असतं. टीडीएसची तारीख ७. म्हणजे महिन्याचे पहिले वीस दिवस धावपळीचे आणि शेवटचे दहा त्या मानानं निवांत. मुलाच्या शाळेची, दवाखान्याची कामं त्या दहा दिवसांत बसवता येतात. मार्चअखेर आणि जुलैमध्ये मात्र घरी उशीर होणार हे धरून चाला.

नुसत्या व्हाउचर नोंदी शिकून थांबू नका. बँकेचं स्टेटमेंट जुळवणं, ई-वे बिल काढणं आणि जीएसटीआर-२बी विवरणाशी खरेदीची बिलं ताडून पाहणं, या तीन गोष्टी हाताला बसल्या की मालक तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतो.

टायपिंग आणि कार्यालयीन काम. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीचा विचार असेल तर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी ही संगणक टंकलेखन परीक्षा द्या. राज्यात लिपिक-टंकलेखक पदाला मराठीचा मिनिटाला ३० किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग मागतात. बऱ्याच पदांना एमएस-सीआयटी किंवा समकक्ष परीक्षाही लागते. नाइलिटचं सीसीसी त्याला चालतं. पण एमएस-सीआयटी हे दार उघडणारं प्रमाणपत्र आहे. केवळ त्याच्या जोरावर खासगी नोकरी मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

‘आता माझं वय गेलं’ असं बऱ्याच जणी लिहितात. राज्य सेवेसाठी वयाची मर्यादा खुल्या गटाला ३८ आणि राखीव गटांना ४३ आहे. केंद्राच्या गट-क पदांसाठी विधवा, घटस्फोटित आणि न्यायालयानं विभक्त ठरवलेल्या, पुनर्विवाह न केलेल्या स्त्रियांना ३५ वर्षांपर्यंत सवलत मिळते, अनुसूचित जाती-जमातींना ४० पर्यंत. इथं एक मेख आहे : नवऱ्यापासून वर्षानुवर्षं वेगळं राहत असलात, पण कोर्टाचा आदेश नसेल, तर ही सवलत लागू होत नाही.

दवाखाना, लॅब आणि सरकारी योजनांचे काउंटर. बिलिंग, भरती-डिस्चार्जच्या नोंदी, विम्याचे कागद पाठवणं अशी ही कामं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात, तेही याच जातीचं काम. कॉम्प्युटर जेमतेम आला तरी चालतं, पण टायपिंग चुकता कामा नये आणि रडणाऱ्या नातेवाइकाशी नीट बोलता आलं पाहिजे. घर एकट्यानं पेललेल्या माणसाला हे दुसरं सहसा शिकवावं लागत नाही. पाळ्या मात्र आधी विचारून घ्या.

फोनवरची आणि चॅटवरची ग्राहकसेवा. मोठ्या शहरात हे सर्वांत लवकर मिळतं. प्रशिक्षण कंपनीच देते, त्यामुळे त्यासाठी बाहेर पैसे भरून कोर्स करू नका. अडचण पाळीची आणि प्रवासाची असते.

स्वतःचं केंद्र. सामायिक सेवा केंद्र म्हणजे सीएससी चालवायचं असेल तर त्यासाठी टीईसी हे प्रमाणपत्र घ्यावं लागतं. बँकेची प्रतिनिधी किंवा बीसी सखी व्हायचं तर आयआयबीएफची परीक्षा असते. गावात राहून, मूल शेजारी बसवून करता येण्यासारखं हे काम आहे. पण आधी मोजा : गावात अशी केंद्रं किती आहेत? दोन चालू असतील तर तिसऱ्याला दाखले काढायला कोण येणार? प्रिंटर, इन्व्हर्टर आणि जागेसाठी मुद्रा योजनेतल्या शिशु गटातून ५० हजारांपर्यंत कर्ज बिनतारण मिळतं. उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाकडे पाठ फिरवा.

डिजिटल मार्केटिंग, ग्राफिक डिझाइन, वेबसाइट. यात चांगले पैसे आहेत, पण उशिरा. दाखवायला स्वतःचं काम साठेपर्यंत कुणी विचारत नाही. घरात धान्य भरायची घाई असेल तर हे दुसरं पाऊल ठेवा. आधी पगार सुरू होऊ द्या, संध्याकाळी हे शिका.

पूर्वी कंपनीत नोकरी केलेली असेल आणि मध्ये खंड पडला असेल तर वेगळा रस्ता आहे. टाटा समूहानं २००८ मध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी ‘सेकंड करिअर’ उपक्रम सुरू केला. त्यानंतर इतर कंपन्यांनीही अशा परतीच्या योजना काढल्या. तुमच्या क्षेत्रातल्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर त्या शोधा.

शिकायचं कुठं

फी भरण्याआधी मोफत दारं ठोठावा. सगळीच सगळ्यांना लागू पडत नाहीत, म्हणून अटींसह देत आहे.

- जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. महास्वयम् संकेतस्थळावर नाव नोंदवा आणि प्रत्यक्षही जा. कोणत्या मोफत तुकड्या सुरू होत आहेत हे इथंच कळतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची चौकशीही इथंच करा. वय १८ ते ३५, विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ६, ८ किंवा १० हजार. ती ठरावीक मुदतीची आहे, कायम नोकरीची हमी नाही, पण अनुभवाचा दाखला मिळतो.
- आरसेटी. बँका चालवत असलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. राहणं-जेवणासह मोफत. अडचण एकच, मूल बरोबर नेता येईल का. येण्याजाण्याची सवलत देतात का ते विचारा.
- दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना. खेड्यातल्या कुटुंबांसाठी. सर्वसाधारण वयोमर्यादा ३५, पण स्त्रियांना ४५ पर्यंत. नोकरी लावून देणं हा योजनेचाच भाग आहे. उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या तालुका कार्यालयात विचारा.
- आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) ट्रेड. एक वर्षाचा, दहावीनंतरचा. वयाला वरची मर्यादा नाही. चाळिशीत वर्गात बसायला लाज वाटते खरी, पण दिवसाचे तास ठरलेले असतात आणि पुढं शिकाऊ उमेदवारीचं विद्यावेतन मिळू शकतं.
- घरून. स्किल इंडिया डिजिटल हब, स्वयम् आणि इन्फोसिस स्प्रिंगबोर्डवर मोफत अभ्यासक्रम आहेत. एक्सेल इथंच शिका, त्याला फी भरायची गरज नाही. फिल्टर, व्हीलुकअप आणि पिव्हट टेबल एवढं आलं तरी अर्ध्या ऑफिसांत तुमच्याशिवाय पान हलणार नाही.

दहावी-बारावी राहून गेली असेल तर आधी सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा द्या. बहुतेक प्रशिक्षणांना दहावी लागतेच. पुढच्या पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

घरी लॅपटॉप नाही, हे कारण फार वेळा वाचायला मिळतं. सुरुवातीला साधा कीबोर्ड आणि ओटीजी केबल घ्या. तो मोबाइलला जोडला की टायपिंगचा सराव होतो आणि गुगल शीटवर एक्सेलचा पायाही पक्का होतो. लॅपटॉप नोकरी ठरल्यावर, आणि तोही वापरलेला चालेल.

फी भरण्याआधी क्लासला विचारा

- मागच्या तुकडीतल्या तिघांचे फोन नंबर द्याल का? त्यांच्या परवानगीनं द्यायला चांगल्या क्लासला अडचण नसते.
- एका कॉम्प्युटरवर किती जण बसतात? दोनपेक्षा जास्त असतील तर परत फिरा.
- मूल आजारी पडून आठवडा बुडाला तर दुसऱ्या तुकडीत बसू द्याल का? हे पावतीवर लिहून घ्या.
- फी हप्त्यांत घेता का? मध्येच सोडावं लागलं तर किती परत?
- सर्टिफिकेट कोणाचं? क्लासचं स्वतःचं की सरकारी मंडळाचं?

‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असा फलक दिसला तर हमी कागदावर मागा. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. क्लासवाल्यानं परस्पर कर्ज काढून दिलेली ‘शून्य हप्ता’ योजनाही टाळा. क्लास बंद पडला तरी हप्ते चालूच राहतात.

कागदपत्रांतली सर्वांत मोठी खोट

ती म्हणजे नाव. गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. घटस्फोटानंतर पुन्हा माहेरचं लावलं असेल तर गुंता आणखी वाढतो. नेमणूकपत्र हातात आल्यावर हे निस्तरायला वेळ नसतो. प्रशिक्षण सुरू असतानाच एक नाव ठरवा आणि राज्य राजपत्रात बदल प्रसिद्ध करून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. त्या प्रतीवरून आधार, पॅन आणि बँकखातं त्याच क्रमानं बदला.

एका फाइलमध्ये हे ठेवा : शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला लागत असल्यास तो, उत्पन्नाचा आणि अधिवास दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि तुमच्या परिस्थितीचा पुरावा. तो म्हणजे पतीचा किंवा पत्नीचा मृत्यूदाखला अथवा घटस्फोटाचा हुकूमनामा. नवऱ्यानं टाकलेल्या स्त्रियांची इथं फार ओढाताण होते, कारण हातात काहीच कागद नसतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना आणि मुलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं तर १५१००.

मुलाची सोय

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकच पालक असलेल्या मुलाला १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत महिना २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, मंजुरी बालकल्याण समितीची. वेळ लागतो, म्हणून कोर्सच्या आधीच अर्ज टाका. पाळणाघराची महिन्याची रक्कम पुष्कळ ठिकाणी यातून निघते.

सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेतून अंगणवाडीला जोडून पाळणाघरं सुरू झाली आहेत. तुमच्या भागात आहे का हे अंगणवाडीताईंना विचारा. शहरात राहण्याचाच प्रश्न असेल तर ‘सखी निवास’ म्हणजे नोकरदार महिलांचं वसतिगृह पाहा. तिथं मुलगी १८ आणि मुलगा १२ वर्षांचा होईपर्यंत आईबरोबर राहू शकतो. नोकरीसाठी प्रशिक्षण घेणाऱ्या स्त्रियांनाही काही जागा असतात, प्रशिक्षण वर्षभरापेक्षा मोठं नसेल तर.

‘कमावायला लागले तर मदत बंद होईल ना?’

या भीतीनं चांगल्या नोकऱ्या सोडून दिल्याची पत्रं आली आहेत. प्रत्येक मदतीचं उत्तर वेगळं आहे, म्हणून सुटंसुटं पाहू.

संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्नाची अट फार खाली आहे, कुटुंबाचं वर्षाचं २१ हजार. नियमित पगार सुरू झाला की तिचे महिना १,५०० रुपये थांबणार, ते धरूनच हिशेब करा. लाडकी बहीण योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आहे. त्यामुळे पंधरा-सोळा हजारांच्या खासगी नोकरीनं एकट्या कमावत्या स्त्रीला फरक पडत नाही. पण निराधारचे १,५०० चालू असताना लाडकी बहीणचे पैसे मिळत नाहीत.

पतीचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता का? मग विधवा निवृत्तिवेतनाचा हक्क तपासा. तुम्हाला नोकरी लागली म्हणून ते बंद होत नाही, पुनर्विवाह केला तर होतं.

आणि पोटगी. तुम्ही कमावता एवढ्याच कारणानं ती आपोआप रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात स्पष्ट केलं आहे. रक्कम कमी-जास्त होऊ शकते. मुलाच्या पोटगीचा हक्क मुलाचा स्वतंत्र आहे. पण त्याच निकालानं दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. तेव्हा पगार लपवू नका, उघडकीस आला तर सगळी बाजू लंगडी पडते.

घरबसल्या कामाचे सापळे

तुमच्यासारख्या वाचकांनाच हेरून हे टाकले जातात. तीन प्रकार वारंवार दिसतात.

पहिला : डेटा एंट्रीसाठी ‘नोंदणी शुल्क’ घेतात, मग काम इतकं किचकट देतात की चूक होणारच, आणि शेवटी ‘करार मोडला’ म्हणून खोट्या वकिलाची नोटीस पाठवून दंड मागतात. घाबरून पैसे भरू नका. दुसरा : टेलिग्रामवर व्हिडिओला लाइक करण्याचे आधी दीडशे-दोनशे रुपये खरंच देतात, मग मोठ्या ‘टास्क’साठी तुमच्याकडून पैसे घेतात. तिसरा सर्वांत वाईट : तुमचं बँकखातं ‘वापरायला’ मागतात आणि कमिशन देतात. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस तुमच्या दारात येतात.

काम देणारा पैसे मागत नाही, एवढं एक सूत्र पुरे. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणं अवघड.

मुलाखतीत आणि रुजू होताना

बायोडाटात मधली वर्षं लपवू नका. एक ओळ पुरेशी असते : ‘२०१९ ते २०२५ : मुलाची व घराची पूर्ण जबाबदारी’. त्याखाली त्या काळात केलेली खरी कामं लिहा. बचतगटाचं दफ्तर सांभाळणं हे हिशेबाचंच काम आहे, ते लिहायला संकोच कशाला?

‘नवरा कुठं असतो, दुसरं लग्न करणार का’ असे प्रश्न येतात. भांडण नको असेल तर एवढंच सांगा : ‘मुलाची सोय केलेली आहे, कामाच्या वेळा पाळीन.’ तुमचा तासांचा कागद इथं कामाला येतो. पगार सांगितला की हातात किती येणार ते विचारा, त्यातून प्रवास आणि पाळणाघर वजा करा. उरलेली रक्कम पटत नसेल तर वेळेची सवलत मागा, ती पगारवाढीपेक्षा सहज मिळते.

आणि हे तुमचे हक्क :

- नेमणूकपत्र लेखी मागा. कामाचे तास आणि सुट्टी त्यात हवी.
- महाराष्ट्रात दुकानं-आस्थापनांत रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. संमती दिली तर सुरक्षितता आणि घरी पोचवण्याची सोय मालकाची.
- ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा असते. कंपनी हे स्वतःहून सांगेलच असं नाही.
- लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थीलाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. तक्रार तीन महिन्यांत करायची असते.

वडिलांनो, तुमच्यासाठी

योजनांच्या नावांत ‘महिला’ दिसलं की तुम्ही परत फिरता. बालसंगोपन योजना मुलाची आहे, ती तुम्हालाही मिळते. आयटीआय, आरसेटी, युवा कार्य प्रशिक्षण, सगळं खुलं आहे. सरकारी सेवेत आलात तर पत्नी हयात नसलेल्या कर्मचाऱ्याला राज्यात १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. वयाची सवलत आणि सखी निवास मात्र तुम्हाला नाही. तुम्हाला बहुधा सर्वांत जड जातं ते साहेबाला सांगणं की मुलाला शाळेतून आणायला मला साडेपाचला निघावं लागेल. ते पहिल्या दिवशीच सांगा, नंतर ते कारण वाटतं.

पहिला पगार झाल्यावर

पगारपत्रक पाहा. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयच्या कक्षेत असेल तर कार्ड काढून घ्या आणि त्यात मुलाचं नाव घाला. मुलाचा दवाखान्याचा खर्च त्यातून भागतो. पीएफ कापला जात असेल तर यूएएन हा पीएफचा खातेक्रमांक स्वतः सुरू करा, ऑफिसच्या माणसावर सोडू नका.

जुन्या नोकरीचा यूएएन असेल तर तोच द्या आणि त्यावरचं वारसनाव आधी बघा. तिथं अजून दिवंगत किंवा वेगळ्या झालेल्या जोडीदाराचं नाव असू शकतं. आता मुलाचं नाव घाला. मूल अज्ञान असेल तर पैसे सांभाळणाऱ्या पालकाचं नाव विचारतात, तिथं कोणाला घालायचं हे त्या व्यक्तीशी बोलून ठरवा. शेवटी आधारवरून ई-स्वाक्षरी करावी लागते. ती राहिली तर भरलेला अर्ज नोंदवला जात नाही.